लाल अक्षरे काय सांगतात

फॉर्म भरायला माणूस केंद्रावर जातो. पिशवीत आधार कार्ड असते, बँकेचे पासबुक असते, सातबारा असतो. केंद्रावरचा मुलगा भराभर बटणे दाबतो आणि एकदम थांबतो. पडद्यावर लाल अक्षरे उमटलेली असतात. तो म्हणतो, "काका, होत नाही. उद्या या." काका उद्या जातात. तीच लाल अक्षरे. तिसऱ्या दिवशी मुदत संपते.

पीक विमा, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार, लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार, ठिबकचा अर्ज, पोराची शिष्यवृत्ती, हे सगळे आता साइटवर गेले आहे. साइट म्हणजे इंटरनेटवरची कचेरीच समजा. त्या कचेरीत शिरायचे तर आधी दारात नाव नोंदवावे लागते. कोणी त्याला नोंदणी म्हणतात, कोणी रजिस्ट्रेशन. दारातच अडले तर आतले काही मिळत नाही.

लाल अक्षरे पुष्कळदा इंग्रजीत असतात. तरी घाबरू नका. त्यांचे बोलणे ठराविक असते. तुम्ही केंद्रावरच्या मुलाला एवढेच विचारा, "बाबा, लाल अक्षरात काय लिहिलंय? मला मराठीत सांग." त्याने सांगितले पाहिजे. "होत नाही" हे उत्तर नव्हे.

यंत्राला ओळख नसते

पूर्वी अर्ज कागदावर असे. तलाठ्याच्या हातात तो पडे. अर्जावर 'दत्तू' लिहिले असले आणि सातबाऱ्यावर 'दत्तात्रय' असले, तरी तलाठ्याला ठाऊक असे की हा तोच माणूस. त्याचे शेत ओढ्याच्या पलीकडे, त्याचा बाप अमका. यंत्राला यातले काही ठाऊक नसते. ते फक्त अक्षराला अक्षर आणि आकड्याला आकडा लावून पाहते. लागले तर पुढे. नाही लागले तर लाल अक्षरे.

म्हणून चूक दोन जागी असू शकते. एक तर अर्ज भरताना हात चुकला. किंवा अर्ज बरोबर आहे, पण जुन्या दप्तरात, म्हणजे बँकेत, सातबाऱ्यावर, आधारमध्ये, आधीपासूनच काही चुकलेले आहे. पहिली चूक तिथेच बसल्या जागी सुधारते. दुसरी चूक केंद्रावर शंभर वेळा गेले तरी सुधारत नाही. तिच्यासाठी ज्याचे दप्तर त्याच्याकडे जावे लागते. हा फरक न कळल्यामुळे माणसे उगाच खेटे घालतात.

२०१७ साली कर्जमाफीचे अर्ज असे ऑनलाइन घेतले होते. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना तिचे नाव. दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ होणार होते. नवरा-बायको दोघांचे आधार क्रमांक लागत. केंद्रांपुढे रांगा लागल्या. पुढे बँकांनी पाठवलेल्या याद्या तपासल्या, तेव्हा एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. आता बिचाऱ्या शेतकऱ्याने अर्ज कितीही नीट भरला असला, तरी यादीत त्याच्या नावापुढे दुसऱ्याचाच आकडा! यंत्राने दोन्ही लावून पाहिले. ते कसे जुळणार?

आकडे मोजून घ्यावेत

आधी सोप्या चुका पाहू. ज्या चौकटीपुढे लाल चांदणी असते ती चौकट भरावीच लागते. ती रिकामी राहिली की अर्ज पुढे सरकत नाही. फॉर्म लांब असतो, पडदा लहान. चांदणीची चौकट वर राहून जाते आणि आपण खाली बटण दाबत बसतो. म्हणून अडले की आधी पडदा वर सरकवून पाहावा.

मग आकडे मोजावेत. आधार क्रमांकात १२ आकडे असतात आणि तो शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही. मोबाइलचे आकडे १०. पुढे शून्य किंवा ९१ लावले की आकडे वाढतात आणि यंत्र नाही म्हणते. पिनकोडचे आकडे ६. जालना शहराचा ४३१२०३, अंबडचा ४३१२०४. शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला लोक फार्मर आयडी म्हणतात, तो ११ आकड्यांचा.

आधारच्या आकड्यांत एक गंमत आहे. देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात दिले गेले, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा मनाला येईल तो नसतो. आधीच्या ११ आकड्यांवरून हिशेब करून तो काढलेला असतो. हा हिशेब हॉलंड देशातल्या व्हेरहोफ नावाच्या गणितज्ञाने १९६९ साली बसवला. एक आकडा चुकला, किंवा शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, की हिशेब मोडतो. म्हणून तुमचे नावही न विचारता यंत्र सांगते, "हा आधार क्रमांक चुकीचा आहे." त्या वेळी कार्ड हातात घ्यावे. चार-चार आकडे मोठ्याने वाचावेत. ऐकणाऱ्याने तसेच दाबावेत. तोंडपाठ आकड्यांवर विसंबू नये.

बँक खात्याचा क्रमांक मात्र सगळ्या बँकांचा एका मापाचा नसतो. कोणाचा ११ आकड्यांचा, कोणाचा १५ चा. तिथे यंत्राला मोजून कळत नाही. म्हणून फॉर्ममध्ये तो दोनदा लिहायला लावतात. दोन्ही वेळचे आकडे सारखे आले तरच पुढे. काही मुले पहिला आकडा उचलून दुसऱ्या चौकटीत तसाच चिकटवतात. मग पहिल्यातली चूक दुसऱ्यात जशीच्या तशी जाते आणि दोनदा लिहिण्याचा काही उपयोग राहत नाही. "दुसऱ्या वेळी पासबुक बघून दाब," असे सांगायला लाजू नये. पैसे आपले आहेत.

आता आयएफएससी. हा बँकेच्या शाखेचा पत्ता समजा. त्यात ११ खुणा असतात. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची. शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. मधली पाचवी खूण नेहमी शून्य असते. घोटाळा इथेच होतो. इंग्रजीतले 'ओ' अक्षर आणि शून्य दिसायला सारखे. मुलगा 'ओ' दाबतो आणि लाल अक्षरे येतात. पाचवी खूण शून्यच आहे ना, हे विचारावे.

आपल्या मराठवाड्यात या आयएफएससीचे दुखणे जुने आहे. जालना निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याची बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. आपल्याकडच्या किती तरी घरांत तिचेच पासबुक होते. १ एप्रिल २०१७ रोजी ती बँक भारतीय स्टेट बँकेत मिळाली. शाखांचे आयएफएससी बदलले. पूर्वी ते एस-बी-एच-वाय या अक्षरांनी सुरू होत, आता एस-बी-आय-एन या अक्षरांनी होतात. पण पेटीतले जुने पासबुक तेच राहिले. आजही कोणी ते पासबुक पुढे करतो, आणि साइट म्हणते असा कोड नाही. पासबुक खोटे नाही, जुने आहे. देना बँक, आंध्रा बँक, सिंडिकेट बँक यांच्या खातेदारांचेही असेच. या बँका २०१९ आणि २०२० साली दुसऱ्या बँकांत गेल्या. १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांचीही एकच बँक झाली. पासबुक जुने असेल तर फॉर्मच्या आधी शाखेत जाऊन नवे छापून घ्यावे. ते काम फुकट उरकते आणि पुढची धावपळ वाचते.

नावाचा घोळ

सगळ्यांत जास्त अर्ज कशाने अडत असतील, तर नावाने. हे बोलणे पाहा.

"मावशी, आधारवर तुमचं नाव काय हाय?"

"रुक्मिणी."

"पासबुकावर रुखमाबाई लिवलंय."

"मीच हाय की ती. गावात सगळे रुखमाबाईच म्हणतात."

"मावशी, मला पटतं हो. पण साइटला नाही पटत."

"कामून नाही पटत? फोटो तर माझाच हाय ना?"

मावशीचे म्हणणे खोटे नाही. पण यंत्र फोटो पाहत नाही. ते अक्षरे पाहते. 'बाई', 'राव', 'भाऊ', 'जी' हे शब्द आपण मानाने नावाला जोडतो. शाळेतल्या गुरुजींनी एक लिहिले, बँकेतल्या साहेबांनी दुसरे. यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे.

दुसरा घोळ नावाच्या क्रमाचा. आपल्याकडे आडनाव पुढे सांगायची रीत आहे. आडनाव, मग आपले नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे. आधारवर बहुधा आपले नाव पहिले आणि आडनाव शेवटी असते. फॉर्ममध्ये तीन चौकटी असतील तर कोणती कशाची ते आधी विचारावे. पहिल्या चौकटीत आडनाव गेले की पुढचे सगळे घसरते.

तिसरा घोळ इंग्रजी अक्षरांचा. मराठीत 'विठ्ठल' लिहायची एकच रीत. इंग्रजीत कोणी एक 'टी' घालतो, कोणी दोन. 'वि' साठी कोणी 'व्ही' काढतो, कोणी 'डब्ल्यू'. आपल्या कानाला दोन्ही नावे सारखीच लागतात. यंत्राला कान नाहीत. म्हणून एक सोपा नियम लक्षात ठेवावा. आधारवर जसे छापले आहे तसेच फॉर्ममध्ये लिहावे. आधारवर चुकीचे असले तरी तसेच. फॉर्ममध्ये शुद्धलेखन करायला जाऊ नये. आधार दुरुस्त करायचे असेल तर ते वेगळे काम आहे आणि ते आधी करावे.

बायकांचा त्रास यात अधिक. लग्नानंतर नाव बदलते. आधार माहेरच्या नावाचे, रेशनकार्ड सासरच्या नावाचे, बँकेत तिसरेच काही. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा जालन्यातल्या गावागावांत ही गाठोडी उघडी पडली. एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावे! तिचा दोष यात काय? नाव तिने बदलले नव्हते, रिवाजाने बदलले होते. मला विचाराल तर मुलीच्या लग्नानंतर पहिल्या दोन-चार महिन्यांतच घरच्यांनी तिचे आधार, बँक आणि रेशनकार्ड एका नावावर आणावे. लग्नाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. ऑक्टोबर २०२५ पासून आधारवरचे नाव किंवा पत्ता बदलायला ७५ रुपये लागतात. मात्र नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. जन्मतारीख एकदाच. त्यामुळे केंद्रावर पावती हातात आली की नाव अक्षर-अक्षर वाचून पाहावे. सही नंतर करावी.

शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीत नावाची आणखी एक परीक्षा आहे. तिथे यंत्र आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव समोरासमोर ठेवते आणि शाळेसारखे गुण देते. पुरते जुळले तर शंभर. गुण कमी पडले म्हणजे अर्ज बुडाला असे नाही. तो महसूल खात्याच्या माणसाकडे तपासणीला जातो. तो मंजूर करू शकतो. म्हणून गुण कमी दिसले की गप्प बसून राहू नये. आपल्या तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आधार आणि सातबारा घेऊन जावे आणि अर्ज त्यांच्याकडे अडला आहे का ते विचारावे.

सातबाऱ्यावरच अक्षर चुकले असेल, म्हणजे जुना हस्तलिखित उतारा बरोबर आणि संगणकावर चढवताना चूक झाली, तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुन्या उताऱ्याची नक्कल जोडावी. आणि सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर असेल, तर फॉर्ममध्ये काहीही केले तरी तो जुळणार नाही. आधी वारस नोंद करावी लागेल. अशा नोंदी मार्गी लावायला शासनाने २०२५ साली जिवंत सातबारा नावाची मोहीमही चालवली होती. भाऊबंदकीच्या रागात नोंद राहून गेली असेल, तर नुकसान सगळ्याच भावांचे होते.

तारीख, जिल्हा आणि गाव

जन्मतारीख लिहिताना आपण आधी दिवस, मग महिना, मग साल लिहितो. काही साइटवर महिना आधी मागतात. १५ व्या महिन्याला यंत्र हरकत घेते, हे बरेच. पण ५ जूनचे ६ मे झाले तर ते मुकाट्याने घेते. चौकटीत फिकट अक्षरांत क्रम दाखवलेला असतो. तो पाहावा.

जुन्या माणसांच्या तारखा बहुधा अंदाजाच्या असतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिले. आधारवाल्याने नुसते वय विचारले आणि १ जानेवारी पडले. एरवी त्याने बिघडत नव्हते. पण लाडकी बहीण योजनेत वय २१ ते ६५ लागते. एका सालाच्या फरकाने बाई आत येते किंवा बाहेर राहते.

जिल्ह्याच्या चौकटीत वडीलधारी माणसे अडखळतात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. ज्याचा शाळेचा दाखला त्याआधीचा आहे, त्यावर जुनाच जिल्हा लिहिलेला असतो. फॉर्ममध्ये जन्मस्थळ विचारले तर दाखल्याप्रमाणे, राहण्याचा पत्ता विचारला तर आजचा जिल्हा, असे उत्तर द्यावे. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. काही साइटच्या यादीत नवे नाव सापडते, काहींत जुने. एक सापडले नाही तर दुसरे शोधावे.

गाव यादीतून निवडायचे असते, लिहायचे नसते. आधी तालुका निवडल्याशिवाय गावांची यादी उघडत नाही. मग सावकाश पाहावे. एकट्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे, पिंपळगाव कोलतेही आहे. घाईत भलत्याच पिंपळगावावर बोट पडते आणि तुमचा गट क्रमांक त्या गावात सापडत नाही. वस्तीवर किंवा तांड्यावर राहणाऱ्यांना आपले नाव यादीत दिसतच नाही. कारण यादी महसुली गावांची असते. आपल्या सातबाऱ्याच्या डोक्यावर ज्या गावाचे नाव छापले आहे, तेच निवडावे.

ओटीपी कोणाच्या फोनवर?

अर्ज भरता भरता मोबाइलवर आकडे येतात. त्यांना ओटीपी म्हणतात. ते थोड्याच मिनिटांत बाद होतात. ज्याचा फोन त्याचाच अर्ज, याची ती खूण.

पण घरात फोन एक आणि माणसे सहा. आधार काढताना थोरल्या मुलाचा नंबर दिलेला. तो आता पुण्याकडे कारखान्यात. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून माणसे ऊसतोडीला जातात, तशी गेलेली असतात. आई केंद्रावर बसलेली आणि ओटीपी उसाच्या फडात वाजतो! पोरगा मोळी बांधून फोन पाहतो तोवर वेळ गेलेली. पुन्हा मागवला की पहिला बाद होतो. घाबरून तीन-चार वेळा मागवला तर साइट काही वेळ बंदच करते. एकदा मागवून थांबावे. आणि ज्या दिवशी केंद्रावर जायचे त्या दिवशी मुलाला आधी कळवून ठेवावे.

खरा उपाय म्हणजे आधारला स्वतःचा चालू नंबर जोडून घेणे. नंबर बंद पडला असेल, रिचार्ज न केल्याने कंपनीने तो दुसऱ्याला दिला असेल, तर ओटीपी परक्या माणसाला जातो. तुम्ही वाट पाहत बसता.

एक गोष्ट मात्र पक्की. समोर बसलेल्या केंद्रचालकाला, आपला अर्ज भरताना, आपण ओटीपी सांगतो. फोनवरून मागणाऱ्याला कधीच सांगायचा नाही. "तुमचा हप्ता अडलाय, ओटीपी सांगा," असे म्हणणारा चोर समजावा. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका लवकर, तितके पैसे थांबण्याची आशा जास्त.

बोटांचे ठसे न उमटणे हेही आपल्याकडे फार. कापूस वेचून, विळा धरून, सिमेंट कालवून बोटांच्या रेघा झिजतात. यंत्र म्हणते ठसा जुळत नाही. हात धुऊन, पुसून, दुसरे बोट लावून पाहावे. तरी जमले नाही तर डोळ्याने किंवा चेहऱ्याने ओळख पटवायची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहऱ्याची सोय २०२३ पासून आहे.

"आधीच नोंदणी झाली आहे"

ही लाल अक्षरे आली की माणूस हबकतो. माझ्या नावावर दुसऱ्यानेच फॉर्म भरला की काय! बहुतेक वेळा तसे नसते. दोन वर्षांपूर्वी ठिबकसाठी किंवा पाइपसाठी महाडीबीटीवर तुमचीच नोंदणी झालेली असते. केंद्र वेगळे, ऑपरेटर वेगळा, आणि त्याने ठेवलेला पासवर्ड तुम्हाला माहीत नाही. नवा नंबर देऊन दुसरी नोंदणी करण्याच्या मागे लागू नये. 'पासवर्ड विसरलो' असे बटण असते. ते दाबले की ओटीपीने नवा पासवर्ड करता येतो. तो वहीत लिहून घरी ठेवावा. कुठल्या साइटचा, तेही लिहावे. पासवर्ड ज्याच्याकडे, अर्ज त्याच्या ताब्यात.

फोटो आणि कागद चढवतानाही असेच अडते. त्यांचे वजन ठरलेले असते. हे वजन केबीत मोजतात. नव्या मोबाइलने काढलेला फोटो फार जड असतो, साइट तो घेत नाही. किती वजन चालेल ते चौकटीच्या बाजूलाच लिहिलेले असते. ऑपरेटर फोटो हलका करू शकतो. पण इतका हलका नको की सातबाऱ्यावरचा गट क्रमांकच पुसट होईल. असा कागद यंत्र घेते आणि पुढे कचेरीतला माणूस नाकारतो.

शेवटच्या दिवसांत साइट गोगलगायीसारखी चालते. बटण दाबले तरी काही होत नाही. तेव्हा पुन्हा पुन्हा दाबू नये, विशेषतः पैसे भरताना. महाडीबीटीच्या अर्जाला २३ रुपये ६० पैसे लागतात. पैसे कापले आणि पावती आली नाही, तर आधी अर्जाची स्थिती पाहावी आणि मगच पुन्हा भरावे. मुदतीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी लवकर गेलेल्यांना हा ताप होत नाही. पेरणीच्या दिवसांत हे सांगणे सोपे, करणे अवघड, हे मला ठाऊक आहे. पण पावसाची उघडीप असेल त्या दिवशी शेतात वाफसा नसतो. तो दिवस केंद्राचा.

अर्ज गेला, पैसे आले नाहीत

अर्ज सादर झाला की अर्ज क्रमांक मिळतो. पावती छापून घ्यावी. तिच्यावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून क्रमांक वहीत उतरवावा. पुढे विचारपूस करायची ती याच क्रमांकावर.

पीएम किसानचा हप्ता अडला असेल तर साइटवर तीन गोष्टी दिसतात. जमिनीची नोंद जोडली का, ई-केवायसी झाली का, बँक खाते आधारला जोडले का. जिच्यापुढे 'नाही' असेल तिथेच गाठ आहे. जमिनीची असेल तर तहसील किंवा कृषी कार्यालय. ई-केवायसीची असेल तर केंद्र किंवा स्वतःचा मोबाइल. खात्याची असेल तर बँक.

खात्याचे थोडे नीट समजून घ्या. योजनेचे पैसे पुष्कळदा आधार क्रमांकावर पाठवतात. ज्या खात्याला तुमचे आधार सर्वांत शेवटी जोडले गेले, त्या खात्यात ते जातात. फॉर्ममध्ये तुम्ही कुठले पासबुक दिले याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. म्हणून बाई स्टेट बँकेत चौकशी करते आणि पैसे टपालाच्या खात्यात पडून असतात. किंवा बचत गटासाठी कधीतरी उघडलेल्या खात्यात. पैसे आले नाहीत असे वाटले तर आधी सगळी खाती तपासावीत. नको त्या खात्याला आधार जोडलेले असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन "माझे आधार या खात्याला डीबीटीसाठी जोडा" असा अर्ज द्यावा. नुसते केवायसी केले म्हणजे हे झाले असे नव्हे. बँकेतही हा फरक विचारूनच घ्यावा.

आधारबद्दल विचारायचे असेल तर १९४७ हा क्रमांक आहे. स्वातंत्र्याचे साल, म्हणून लक्षात राहतो. पीएम किसानसाठी १५५२६१. पीक विम्यासाठी १४४४७. विम्याचा हप्ता २०२३ पासून एक रुपया होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि खरिपाच्या धान्य आणि तेलबियांच्या पिकांना विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागू लागला. त्यामुळे आता चुकलेला अर्ज म्हणजे खिशातले पैसेही अडकणे. फोन लावताना जवळ अर्ज क्रमांक, आधार आणि पासबुक ठेवावे, आणि पलीकडच्याने तक्रार क्रमांक दिला की तो त्याच वहीत, त्याच पानावर, तारखेसह लिहावा.